करकपात: उद्दिष्ट काय, हाती काय?



‘कर कमी करा, उद्योग वाढतील, रोजगार येतील.’ दर अर्थसंकल्पाच्या आधी हे आपण ऐकतो. मी अर्थतज्ज्ञ नाही, सैन्यातला माणूस. पण सैन्यात एक शिस्त असते: मोहीम संपली की उद्दिष्ट काय होतं आणि हाती काय आलं, याचा हिशेब मांडायचा. तोच हिशेब आज एका मोठ्या करकपातीचा मांडू.

२० सप्टेंबर २०१९. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात घोषणा केली. मोठ्या देशी कंपन्यांवरचा मूळ कर ३० टक्के होता. सवलती सोडणाऱ्यांना तो २२ टक्के झाला, नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के. यात वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, हे सरकारनेच सांगितलं. त्या दिवशी सेन्सेक्स १,९०० अंकांहून जास्त चढला.

मग कारखाने उभे राहिले का? रिझर्व्ह बँकेचा २०१९-२०चा वार्षिक अहवाल सांगतो की, वाचलेला पैसा कंपन्यांनी कर्ज फेडायला आणि रोख शिल्लक वाढवायला वापरला. नव्या गुंतवणुकीचं चाक त्याने फिरलं नाही.

कोणी म्हणेल, मध्येच कोविड आला. खरं आहे, त्याने मोठं नुकसान केलं. पण त्याच्याही आधी, २०१९च्या उत्तरार्धात, कारखान्यांच्या क्षमतेचा वापर ७० टक्क्यांच्या खाली गेला होता. दहातली तीन यंत्रं बंद असताना मालक अकरावं यंत्र कशाला घेईल? कर वाचला म्हणून? त्याला आधी गिऱ्हाईक हवं.

म्हणून कर चढेच ठेवावेत, असं मी म्हणत नाही. १९७३-७४मध्ये आपल्याकडे सर्वात वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नावर अधिभारासह ९७.७५ टक्के प्राप्तिकर होता. शंभरातले सव्वादोन रुपये हाती उरणार असतील, तर माणूस जास्त कमावेल कशाला आणि कमावलेलं दाखवेल कशाला? तिथून खाली येणं गरजेचंच होतं. पण ९७ वरून उतरणं वेगळं आणि ३० वरून उतरणं वेगळं.

२०२५मध्ये नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतचं सर्वसाधारण उत्पन्न करमुक्त झालं. २२ सप्टेंबरपासून अनेक वस्तूंवरचा जीएसटीही उतरला. या वेळी पैसा थेट गिऱ्हाइकाच्या खिशात राहिला. दिशा मला बरोबर वाटते, पण हिशेब याचाही हवा.

कारण सोडलेला कर फुकट नसतो. त्यातून कुठला तरी रस्ता, शाळा किंवा सीमेवरचा बंकर व्हायचा असतो. माझी मागणी साधी आहे: मोठी करकपात करताना उद्दिष्ट आकड्यांत जाहीर करा आणि तीन वर्षांनी संसदेत त्याचा जमाखर्च मांडा. आणि आपण मतदारांनी तो मागायला विसरू नये.

जय हिंद.