पाणी मुरतं का, ते आपणच मोजू
(ग्रामसभा शिबिरात केलेलं भाषण)

बाया-भावांनो, आपल्या चंद्रपूर-वणी भागात वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. खाण बंद झाली की साहेब म्हणतात, खड्डा भरला, झाडं लावली, जमीन पहिल्यासारखी झाली. आम्ही विचारतो, तिथं पाणी मुरतं का? झाडं डोळ्यांना दिसतात, मुरणारं पाणी दिसत नाही. ते मोजावं लागतं.

खाणीची माती उलटीपालटी झालेली असते. खालचा दगड वर येतो, वरची काळी माती खाली गाडली जाते. डंपर चालून चालून वरचा थर घट्ट होतो. मग पाऊस मुरत नाही, माती घेऊन नाल्यात उतरतो. उलट, ढिगाऱ्यात मोठ्या दगडांच्या मधात पोकळी राहिली तर पाणी सरळ खाली पळतं, मुळांना भेटत नाही. दगडात गंधकाचं खनिज असलं तर तेच पाणी आंबट होऊन झऱ्यात, विहिरीत येऊ शकतं. म्हणून एका जागी मोजून भागत नाही.

मोजायचं असं. पत्र्याची दोन कडी घ्या, एक लहान, एक मोठं, दोन्ही बाजूंनी उघडी. एकात एक ठेवून जमिनीत चार बोटं ठोका. दोन्हीत पाणी भरा. बाहेरचं पाणी आतल्या पाण्याला बाजूला पसरू देत नाही. आता आतल्या कड्यात पट्टी उभी करा, घड्याळ लावा. कोरडी माती आधी भराभर पिते, म्हणून पाणी घालत राहा. तासाला उतरणारा आकडा सारखा आला की तोच लिहा. चिकण मातीत तासाला 1 ते 5 मिलिमीटर मुरतं, रेताडात 30 च्या वर.

ढिगाऱ्याच्या माथ्यावर, उतारावर, पायथ्याशी मोजा. शेजारच्या न खोदलेल्या रानातही मोजा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की "पहिल्यासारखी" म्हणजे काय ते कळतं.

वनहक्क कायदा 2006, कलम 5 : पाणलोट आणि पाण्याचे साठे राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. 2009 पासून कोळसा खाणीला बंद करायचा आराखडा द्यावा लागतो, त्याचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. तो आराखडा मागा. आपले आकडे तारखेसकट ग्रामसभेच्या रजिस्टरात चढवा, ठराव करा. आकडा आपल्याजवळ असला की साहेबाला नुसतं "झालं" म्हणून चालत नाही.

जोहार!