खांदेमळणीनंतरचे दिवस



 माझी हयात ढोरांच्या दवाखान्यात गेली. तिथं जे पाहिलं, तेच बोलतो.

दर हंगामात उसाच्या गाडीचे बैल माझ्यासमोर उभे राहायचे. जुवाखालचे केस झडलेले, कातडी आधी राठ झालेली, मग फुटलेली, मधोमध ओली लाल जखम आणि तिच्यावर घोंगावणाऱ्या माश्या. वरून जळक्या ऑइलचा हात फिरवलेला. पंधरा दिवस जू चढवू नका, असं मी सांगायचो. गाडीवान मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी गाडी जुंपायचा. एकावर मी फार चिडलो. तो खाली बघत म्हणाला, "साहेब, उचल घेतलीय. बैल बसला तर मुकादमाला काय तोंड दाखवू?" त्या दिवसापासून गाडीवानावर चिडणं मी सोडलं. मजुरी टनावर मिळते, म्हणून भरलेल्या गाडीवर आणखी चार मोळ्या चढतात. त्यांचा भार शेवटी त्या खांद्यावरच येतो.

माणसानं जनावर कामाला लावूच नये, असं मानणारे लोक आहेत. त्यांच्या कळवळ्याचा मी आदर करतो. पण डोंगरउताराची कोरडवाहू जमीन बैलजोडीवर कसणाऱ्याला ते सांगायला माझी जीभ रेटत नाही. 'आमचं जनावर, आम्ही बघून घेऊ' हे मात्र मला अजिबात मान्य नाही. कायद्यालाही नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं जनावराचा सांभाळ आणि त्याला विनाकारण वेदना न होऊ देणं हे बाळगणाऱ्याचं कर्तव्य ठरवलं. १९६५ च्या नियमांत तर सगळं लिहून ठेवलंय: दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही, टोकदार आर लावलेली पराणी नको. आणि क्रौर्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. आज तेवढ्यात जखमेवरचं मलमही येत नाही.

त्याच १९६५ साली ब्रिटनच्या ब्रॅम्बेल समितीनं म्हटलं, की पाळलेल्या प्राण्याला निदान उठता, आडवं होता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. पिंजऱ्यातल्या अंड्याच्या कोंबडीला यातलं किती जमतं? २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला बर्ड फ्लू आला. कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या. नुकसान रुपयांत मोजलं गेलं आणि ते मोजायलाच हवं होतं. पण त्या जिवंत असताना पंख पसरत होत्या का, हे आपण विचारलं नाही.

बैलगाडा शर्यतीवर मात्र आपण भरपूर बोललो. २०१४ ला बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाचा निकाल लागला. शर्यतीचा बैल काही क्षण पळतो. उसाचा बैल महिनोन् महिने ओढतो आणि त्याच्याविषयी चावडीवर शब्द निघत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. कोमट पाण्यानं खांदा शेकतो, हळद-तूप चोळतो. बैलाचं दुखणं नेमकं कुठं असतं, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होतं. हा हात वर्षातून एकदाच का फिरावा?

म्हणून गाडीवान दादांना विनंती, रोज जू चढवण्याआधी खांदा चाचपा. सूज लागली तर त्या दिवशी जनावर सोडा. आणि ऊसतोडीचे दर ठरवायला बसणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून मागणी आहे: जखमी बैलाच्या विश्रांतीच्या दिवसांची भरपाई गाडीवानाला द्या, आणि ती करारात लिहा.