आधी काम मोजू, मग शिकू

आजच्या विषयाचं सरकारी नाव जड आहे. मनुष्यबळाची गरज आणि कौशल्य आराखडा. नाव जड असलं तरी प्रश्न आपल्या चुलीजवळचा आहे. पुढच्या चार-पाच वर्षांत आपल्या भागात कोणकोणती कामं निघणार, ती करायला किती हात लागणार, आणि त्यातले आपल्या घरातले किती? लग्नाचा स्वयंपाक करताना पानं किती उठणार ते आपण आधी विचारतो आणि मग तांदूळ धुतो. प्रशिक्षणाच्या बाबतीत मात्र आधी भात शिजतो आणि जेवायला कोण येतं ते नंतर बघितलं जातं.

आपल्या गटांकडे शिवणक्लास किती वेळा आला ते आठवा. एका संस्थेने एकाच वाडीत तो दोनदा घेतला. बायका मन लावून शिकल्या, प्रमाणपत्रं मिळाली, फोटो निघाले. आज त्यातल्या बऱ्याच मशीनवर घड्या घातलेले कपडे ठेवलेले असतात. यात बायकांचा आळस नाही. एका वाडीत ब्लाउज शिवून घेणाऱ्या किती आणि शिवणाऱ्या किती, हे कोणी मोजलं नव्हतं. शिकवणारी बाई मिळाली म्हणून क्लास आला. काम होतं म्हणून आला नाही.

आता दुसरी बाजू बघू. हापूसच्या बागेत राखणीला आणि कामाला नेपाळी भाऊ आहेत. बोटींवर खलाशी बाहेरचे. गवंडी, फरशीवाले परराज्यातले. ही माणसं कष्टाची आहेत, घरदार सोडून आलेली आहेत, आणि त्यांच्याबद्दल वाकडा शब्द बोलायचा नाही. आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला चाकरी करत आली, तिथे तीही बाहेरचीच होती. पण म्हणजे काम आहे, मजुरी आहे, आणि तरीही बारावी झालेली आपली मुलगी किंवा मुलगा 'इथे काही नाही' म्हणून बॅग भरतो. काम एकीकडे आणि आपलं शिक्षण दुसरीकडे, अशी ही फारकत झाली आहे.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की आधी काम मोजू आणि मग शिकू. चला, एकेका धंद्यात डोकावून बघू.

पहिला आंबा. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी ते आहे. त्यामुळे कुठल्या बागेतला आंबा, कधी काढला, कोणत्या पेटीत गेला ही नोंद ठेवायचं काम वाढणार. हे वही आणि मोबाइलचं काम आहे, आपल्या शिकलेल्या लेकींना सहज जमेल असं. काढणीतही कसब आहे. आंबा देठासकट उतरवला नाही तर चीक फळावर उतरतो, डाग पडतो आणि भाव पडतो. त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला तयार केला. हे विद्यापीठ १९७२ पासून आपल्या दारात आहे. उंच वाढलेल्या जुन्या झाडांची छाटणी करून ती पुन्हा फळती करायची पद्धतही तिथे शिकवतात. आणि कलमं! रोपवाटिकेत पिशव्या भरायला बाई आणि कलम बांधायला पुरुष, अशी वाटणी दिसते. पिशवी भरणारीला दिवसाचा रोज मिळतो, बांधणाऱ्याला कलमामागे पैसे. कोय कलम बांधायला ताकद लागत नाही, धारदार चाकू आणि स्थिर बोटं लागतात. वालाची शेंग सोलणाऱ्या बोटांना ते अवघड नाही.

दुसरा काजू आणि कोकम. काजूची बी घरून विकली तर एक भाव, गर काढून प्रतवारी करून विकला तर वेगळा. डब्यावर डब्ल्यू ३२० असं लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ एका पौंडात साधारण ३०० ते ३२० गर बसतात. जितका आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव जास्त. सोलताना गराचे दोन तुकडे झाले की भाव खाली येतो. म्हणजे सगळा नफा सोलणारणीच्या बोटांत आहे. तरी मजुरीच्या वहीत तिचं नाव 'अकुशल' या रकान्यात! कोकमाचं दुखणं वेगळं. पाऊस लवकर आला की रातांबे झाडाखाली कुजतात, कारण थोड्या दिवसांत ते फोडायला, वाळवायला माणसं आणि जागा दोन्ही कमी. तिथे नव्या शिकवणीपेक्षा सगळ्या गटांनी मिळून एक सुकवणी यंत्र आणि ते चालवणाऱ्या दोघी-तिघी हव्यात.

तिसरी मासळी. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती उठली की हर्णैच्या बंदरात पुन्हा लिलाव सुरू होतात. विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या आपल्याच बायका. सुकी मासळी वाळूवर पसरण्याऐवजी मांडवावर स्वच्छ वाळवली, वजन करून बंद पाकिटात घातली, तर पर्यटकही घेऊन जातो. शिवाय बोटीचं इंजिन, बर्फाची यंत्रं, शीतपेट्या बिघडल्या की मिस्त्रीची वाट बघत माल खराब होतो. ही दुरुस्ती शिकलेले आपले मुलगे किती? मोजून बघा.

चौथा पर्यटन. मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यावर घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी घरं वाढली आहेत. तिथे काय कमी पडतं असं मालकिणीला विचारा. ती म्हणेल, स्वयंपाकाला बाई मिळते, पण खोलीतला गिझर बिघडला की दापोलीहून माणूस येईपर्यंत पाहुणे चिडतात. नळ, वीज, एसी, सोलर अशी कामं आहेत. मोबाइलवरची बुकिंगं सांभाळणं आहे. पाहुण्यांना गाव, देवराई, कासवांचं घरटं, सुवर्णदुर्गाचा इतिहास नीट सांगणारं माणूस आहे. राज्य सरकारचं 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण २०२३ साली आलं. त्यात पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या बाईला १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा अटींसह मिळतो. पण कर्ज घेण्याआधी धंदा चालवायचं शिक्षण हवं.

आणि पाचवं काम, ज्याला कोणी धंदा म्हणत नाही. म्हाताऱ्या माणसांची देखभाल. प्रत्येक वाडीत दोन-चार घरं अशी आहेत, की आई-वडील इथे आणि मुलं मुंबई-पुण्याला. साखर तपासणं, औषधं वेळेवर देणं, अंथरुणाला खिळलेल्याला कूस बदलवणं, जखम होऊ न देणं. हे शिकलेली बाई गावात असेल तर मुंबईतला मुलगा आनंदाने पगार देईल. सून म्हणून हे काम आपण फुकट करत आलो. ते शिकून, दाम घेऊन, मानाने करता येतं.

ही गोष्ट मुरुडला नवी नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्या गावचे. १८५८ साली शेरवलीला आजोळी जन्मले, मुरुडात वाढले. सहावीची सरकारी परीक्षा द्यायला ते डोंगर ओलांडून पायी साताऱ्याला गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. शिक्षणाचं केंद्र घरापासून लांब असलं की काय होतं, ते त्यांना पायांनी कळलं होतं. पुढे १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. तिथल्या विधवा बायका शिकून शिक्षिका झाल्या. त्या काळी मुलींच्या शाळा निघत होत्या आणि त्यांना शिकवायला बायका मिळत नव्हत्या. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनाने नर्सचं शिक्षण दिलं, कारण दवाखान्यांना नर्स हव्या होत्या. ज्या कामाला माणूस मिळत नाही तेच शिकवलं, म्हणून शिकलेली बाई रिकामी बसली नाही.

आता आपली अडचणही मोकळेपणाने बोलू. शिवणक्लास फक्त वरून लादला जातो असं नाही, आपण स्वतःही तोच मागतो. का? कारण तो घरी बसून करता येतो. सासूबाई हो म्हणतात. मूल पाळण्यात ठेवून पाय मशीनवर चालवता येतो. एका बैठकीत वायरमनच्या कामाचा विषय निघाला, तेव्हा दोन मुलींचे डोळे चमकले आणि लगेच खाली गेले. 'बाई खांबावर चढणार का?' असं कोणीतरी हसून म्हणालं होतं. अहो, घरातला पंखा, मोटर, बोर्ड दुरुस्त करायला खांबावर चढावं लागत नाही! आणि दुपारी घरात एकट्या असलेल्या बाईला परक्या मिस्त्रीपेक्षा ओळखीची मुलगी आलेली बरी वाटते. म्हणून आराखड्यात फक्त 'काय शिकायचं' एवढंच लिहून भागणार नाही. मूल कोण सांभाळणार, एस.टी. किती वाजता आहे, घरच्यांशी कोण बोलणार, हेही लिहायला हवं. ते लिहिलं नाही तर चांगल्यातलं चांगलं प्रशिक्षण रिकाम्या खुर्च्यांपुढे होतं.

आता कामाची रीत सांगतो. वही-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

एक. प्रत्येक गटातल्या दोघींनी आपल्या भागातल्या दहा काम देणाऱ्यांकडे जायचं. बागायतदार, रोपवाटिका, बोटमालक, राहण्याची सोय करणारे, दुकानदार, दवाखाना. तीनच प्रश्न विचारायचे. कुठल्या कामाला माणूस मिळत नाही? ते काम वर्षात कोणत्या महिन्यांत असतं? आपल्या गावातलं माणूस ते शिकून आलं तर किती पैसे द्याल? तिसरं उत्तर आकड्यात घ्यायचं, 'बघू' असं नाही.

दोन. मग आपल्या घरांची यादी. कोणाला काय येतं, कोणाला काय शिकायचं आहे, दिवसाचे किती तास मोकळे आहेत. जे येतं ते आधी लिहा. वर्षानुवर्षं काजू सोलणारी, मासळी सुकवणारी, कलमं सांभाळणारी बाई कुशलच आहे. अनुभवाने आलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. ते मागा.

तीन. दोन्ही याद्या शेजारी ठेवून आकडा काढा. गावाला नळ-वीज दुरुस्तीची दोन माणसं लागत असतील तर दोनच शिकवा. तीस जणी शिकल्या तर अठ्ठावीस जणी पुन्हा घरी बसतील. पण दोघींसाठी कोणी वर्ग काढत नाही, त्याला पंचवीस-तीस माणसं लागतात. म्हणून हा हिशेब एका गावाचा नको, ग्रामसंघ आणि प्रभागसंघाचा हवा. मुरुडच्या दोघी, आंजर्ल्याच्या तिघी, हर्णैच्या चौघी अशा मिळून एक वर्ग भरतो, आणि शिकून आल्यावर प्रत्येकीला आपापल्या गावात काम उरतं.

चार. वेळ आपण ठरवायची. एप्रिल-मे आंब्याचा आणि पाहुण्यांचा, तेव्हा वर्ग नको. लावणी झाली की श्रावण ते नवरात्र हा आपला मोकळा काळ.

पाच. हे सगळं कागदावर उतरवून योग्य दारात न्यायचं. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जिला आपण आरसेटी म्हणतो, ती राहणं-जेवण धरून मोफत शिकवते. या कल्पनेची सुरुवात १९८२ साली कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरेला झाली आणि आज देशभर अशा संस्था आहेत. रत्नागिरी शहर आपल्याला लांब पडतं, म्हणून वर्ग इकडे घ्या अशी मागणी प्रभागसंघाच्या ठरावाने करायची. कृषी विद्यापीठ आहे, आयटीआय आहे, तिकडे एकटीने न जाता यादी घेऊन जायचं. आणि जो कोणी वर्ग घेऊन येईल त्याला एक प्रश्न नक्की विचारायचा. मागच्या वेळी तुमच्याकडे शिकलेल्यांतल्या किती जणी आज त्याच कामातून कमावतात?

तारीख लक्षात ठेवा. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या ग्रामसभा सुरू होतात. गटांनी तयार केलेला गाव दारिद्र्य निर्मूलन आराखडा त्यात जोडायचा असतो. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या सभेत 'महिलांना प्रशिक्षण द्यावे' असं मोघम वाक्य लिहिलं गेलं, तर पुन्हा शिवणक्लासच येणार. त्याऐवजी असं लिहून द्या: कलम बांधणं, इतक्या जणी, या महिन्यात, या गावात, मूल सांभाळायची सोय अंगणवाडीजवळ, काम देणारे अमुक इतके. असा ठराव वाचल्यावर अधिकाऱ्यालाही 'नंतर बघू' म्हणणं जड जातं.

या आठवड्याच्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, की वहीचं एक कोरं पान उघडा. मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा 'गावात असलेलं काम', उजवीकडे 'आपल्यातलं कोण'. उजवी बाजू जिथे जिथे रिकामी राहील, तिथे तिथे आपल्याला काय शिकायचं आहे ते सापडेल. ते पान प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या. आम्ही वाट बघतो.