शून्य मिलिसेकंदाचा हिशेब



आज मी संगणकातील एका लहानशा मोजमापाविषयी बोलणार आहे. त्यापायी मी एका निरपराध माणसाला बोल लावला होता, म्हणून ते सांगणे मला भागच आहे.

एका कार्यालयात फी भरण्याच्या खिडकीपुढची रांग हलत नसे. प्रोग्रॅम माझाच. लॉग उघडून पाहिला, तर डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक क्वेरीपुढे वेळ लिहिलेली: ० मिलिसेकंद. मग डेटाबेसचा दोष कसा असेल? मी खिडकीवरच्या वयस्कर कारकुनांना म्हणालो, "चाचा, तुमचाच हात जड आहे." ते काही बोलले नाहीत.

खरा प्रकार असा होता. एक क्वेरी ०.४ मिलिसेकंद घेत होती आणि मी अपूर्णांक कापून नुसता पूर्णांक लिहीत होतो. पावती निघण्यापूर्वी प्रोग्रॅम ४,००० विद्यार्थ्यांची थकबाकी एकेकाची वेगळी, तीन-तीन क्वेऱ्यांनी विचारीत असे. १२,००० वेळा ०.४ म्हणजे ४.८ सेकंद, तेही प्रत्येक पावतीमागे! नोंदीतली बेरीज मात्र शून्य. समोर उभ्या विद्यार्थ्याचीच थकबाकी विचारायची, एवढी दुरुस्ती केली आणि रांग हलली. चाचांची माफी मागायला गेलो, तर त्यांनी आधी चहा मागवला.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. नॅनोसेकंदापर्यंत आकडे छापू लागलो. पण तीच क्वेरी एकदा ०.४१२ तर लगेच ०.४३७ मिलिसेकंद घेते. मग पुढचे तीन आकडे कोणासाठी? सोनाराच्या काट्यावर ज्वारीचे पोते कोणी तोलीत नाही. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस आपल्या लॉगमध्ये मिलिसेकंद आणि त्यापुढे तीन दशांश स्थळे लिहितो, म्हणजे मायक्रोसेकंदापर्यंत. माझ्या मते बहुतेक कामांना तेवढे पुरे. उलट मायएसक्यूएलमध्ये ५.१.२१ या आवृत्तीपूर्वी संथ क्वेरीची मर्यादा पूर्ण सेकंदांतच देता येई, आणि ती न बदलल्यास आजही १० सेकंद असते. खिडकीपुढे उभ्या असलेल्या पालकाला १० सेकंद म्हणजे किती, हे आपण जाणताच.

विद्यार्थी मित्रहो, आणखी एक खबरदारी. दशांश स्थळे वाढवली म्हणून घड्याळ बारीक होत नाही. विंडोजचे नेहमीचे घड्याळ बऱ्याचदा सुमारे १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्याने पुढे सरकते. त्यावर मोजलेली ०.४ मिलिसेकंदाची क्वेरी एकतर ० दिसेल नाहीतर १५.६. शिवाय भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे जुळवून घेतले जाणारे घड्याळ मध्येच मागे सरकले, तर वेळ उणे येते! त्यासाठी कधीही मागे न जाणारे 'मोनोटोनिक' घड्याळ वापरावे.

घरी गेल्यावर आपापला लॉग उघडा आणि त्यात शून्ये किती आहेत, ती आधी मोजा.