छोटे अ‍ॅबलोनी ओळखताना



आतून मोत्यासारखा चमकणारा चपटा शिंपला हाती आला, तर आधी त्याच्या कडेला छिद्रांची ओळ आहे का ते पाहा. असेल तर तो अ‍ॅबलोनी, म्हणजे हॅलिओटिस. नसेल तर बहुधा स्टोमॅटेला. दिसायला तसाच, पण कूळ निराळं. कल्ल्यांवरून गेलेलं पाणी या छिद्रांतून बाहेर पडतं. प्राणी वाढतो तशी नवी छिद्रं पडतात, मागची बुजत जातात. मोजायची ती फक्त उघडी.

मन्नारच्या आखातात, तुतिकोरिन-मंडपमच्या खडकांना चिकटून राहतो तो हॅलिओटिस व्हॅरिया. लिनिअसनं १७५८ साली त्याला हे नाव दिलं. याच्या शिंपल्यात मोती घडवण्याचे प्रयोग मंडपमला झाले आहेत. रंगावर मात्र जाऊ नका. एक हिरवट, दुसरा तपकिरी, तिसऱ्यावर पांढरे डाग, आणि तिन्ही व्हॅरियाच! अ‍ॅबलोनी शेवाळावर जगतो आणि खाल्लेल्या शेवाळाचा रंग शिंपल्यात उतरतो. जुन्या अभ्यासकांनी या एकाच जातीला अनेक नावं दिली, याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

रंगापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. व्हॅरियाच्या पाठीवर जाड-बारीक कंगोरे लागतात, मधून गाठी लागतात. उघडी छिद्रं चार-पाच. हॅलिओटिसच्या इतर जातींत ओव्हिना गोलसर आणि पसरट, त्याची छिद्रं नळ्यांसारखी वर आलेली. असिनिना लांबट, गुळगुळीत, पाच ते सात छिद्रांचा; त्याचं पिल्लूसुद्धा अंगानं अरुंदच असतं. क्लॅथ्राटावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसते. जॅकनेन्सिस जेमतेम दोन सेंटिमीटरचा, पण कंगोऱ्यांवर खवले.

खरी परीक्षा प्लॅनाटाची. तो व्हॅरियाच्या इतका जवळचा, की छिद्रं मोजून काही कळत नाही. शिंपला आडवा धरून उजेडाकडे करा. प्लॅनाटा अधिक चपटा, कंगोरे बारीक, गाठी जवळपास नाहीतच. एकाच नमुन्यावर निकाल देऊ नका. पाच-सहा शेजारी मांडले की फरक दिसू लागतो.

शिंपला सेंटिमीटरभराचाच असेल, तर पाठीवरची नक्षी पुरती उमटलेली नसते. तेव्हा डबीवर नुसतं ‘हॅलिओटिस’ लिहा, आणि त्याखाली गाव, पाण्याची खोली आणि तारीख.