परक्या मुलांची कादंबरी मराठीत यावी



ऐतिहासिक कादंबरीच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत. पुण्यात या विषयावर बोलायचं म्हणजे जबाबदारी मोठी. हरिभाऊ आपट्यांनी ऐतिहासिक कादंबरीचा पाया इथंच घट्ट केला, इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या कागदांच्या शोधातून १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ इथंच उभं राहिलं. शिवकाळ आणि पेशवाई मराठी वाचकाला घरची वाटते, त्यात या परंपरेचा वाटा फार मोठा आहे.

आज मला त्या परंपरेपुढे एक मागणी ठेवायची आहे. दुसऱ्या महायुद्धात जीव वाचवून आपल्या मुलखात आलेल्या मुलांची कादंबरी मराठीत लिहिली जावी. युरोपातल्या ज्यू मुलांना तळघरात, माळ्यावर, मठात लपवणाऱ्यांच्या कथा आपण अनुवादातून वाचतो आणि हळहळतो. पण त्याच युद्धाचे धागे आपल्या गडकोटांपर्यंत पोचले होते, हे आपल्या ललित साहित्यात फारसं उमटलेलं नाही.

पुरंदरचंच उदाहरण घ्या. पुरंदर म्हटलं की आपल्याला मुरारबाजी आठवतो, १६६५ चा तह आठवतो, संभाजीराजांचा जन्म आठवतो. महायुद्धाच्या काळात याच गडावर इंग्रज सरकारनं शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांना स्थानबद्ध केलं होतं. त्यांत बायकामुलांसह राहणारी कुटुंबं होती आणि हिटलरच्या छळातून निसटून हिंदुस्थानात आलेले जर्मन-ऑस्ट्रियन ज्यूही होते. जर्मनीनं त्यांना ज्यू म्हणून हाकललं आणि इंग्रजांनी जर्मन म्हणून अडकवलं. नाझींच्या सहानुभूतीदारांशेजारी त्यांना दिवस काढावे लागले. अशा घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला गडाची तटबंदी कशी दिसली असेल? इथं आपण सुटलो की सापडलो, हे त्याला कोणी समजावलं असेल? हा प्रश्न कागद सोडवणार नाहीत. तो कादंबरीकारानंच हाती घ्यायला हवा.

दुसरं ठिकाण कोल्हापूरजवळचं वळीवडे. १९४० पासून सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यांतली काही सुटली आणि इराणमार्गे बाहेर पडली. जामनगरजवळच्या बालाचडीत जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलिश मुलांना ठेवून घेतलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वळीवड्याची वसाहत त्याहून कितीतरी मोठी होती. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, नाटकं, पंचगंगेचं पाणी, आणि पोलिश बोलणाऱ्या पोरांच्या कानांवर पडणारी कोल्हापुरी मराठी.

इथं एक पथ्य सांगतो. वळीवड्याची ही मुलं प्रामुख्यानं कॅथलिक होती. सोव्हिएत मुलखातून इराणात पोचलेली शेकडो ज्यू मुलं वेगळ्या वाटेनं गेली. ‘तेहरानची मुलं’ म्हणून ती ओळखली जातात. कराची आणि सुएझमार्गे ती फेब्रुवारी १९४३ मध्ये पॅलेस्टाईनला पोचली. ज्यू मुलांची गोष्ट जगभर वाचली जाते म्हणून वळीवड्याच्या मुलांना ज्यू करून टाकणं हा दोन्हीकडच्या मुलांवर अन्याय ठरेल. प्रसंग कल्पावा, संवाद कल्पावा. कोणावर काय गुदरलं ते मात्र बदलू नये.

आणखी एक मोह आवरायला हवा, तो स्वतःची पाठ थोपटून घेण्याचा. कोल्हापूरच्या महाराजांनी आश्रय दिला, असं आपण सहज बोलून जातो. वळीवड्याची वसाहत उभी राहिली तेव्हा कोल्हापूरच्या गादीवरचे शिवाजी महाराज जेमतेम दीड-दोन वर्षांचे होते, आणि १९४६ मध्ये बालपणीच ते वारले. वसाहतीचा खर्च लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारनं उचलला. मग श्रेय कोणाचं? आजूबाजूच्या गावकऱ्यांचं, दुकानदारांचं, दूध-भाजी पुरवणाऱ्यांचं, परक्या पोरांना हुसकून न लावणाऱ्या साध्या माणसांचं. राजा पाळण्यात आहे आणि राज्यात हजारो विस्थापित मुलं आहेत, याहून जास्त कादंबरीकाराला इतिहासानं काय द्यायचं?

त्याच दिवसांत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी कैदेत होते आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी तिथंच प्राण सोडले. वळीवड्याची वसाहत उभी राहिली त्याच १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्यांना वाऱ्यावर सोडणारं साम्राज्य पोलिश मुलांच्या छावणीची व्यवस्था मात्र लावत होतं. हा विरोधाभास कादंबरीत यायलाच हवा. तो टाळून रंगवलेली करुणा खोटी ठरेल आणि केवळ तोच रंगवला तर त्या मुलांचं दुःख हरवेल. दोन्ही एका कथेत पेलण्याची ताकद कादंबरीत आहे. अनिता देसाईंनी १९८८ मध्ये ‘बॉमगार्टनर्स बॉम्बे’ या इंग्रजी कादंबरीत हिंदुस्थानात स्थानबद्ध झालेला जर्मन ज्यू उभा केला. मराठीत ‘पानिपत’ लिहिणारे विश्वास पाटील ‘महानायक’मधून नेताजींच्या मागोमाग महायुद्धात शिरले. वाट पडलेली आहे.

आपल्याकडे आणखी एक ठेवा आहे, मराठी बोलणारे बेने इस्रायल. कोकणात शतकानुशतकं राहिलेल्या या समाजाचं रास्ता पेठेतलं सिनेगॉग पुणेकरांना परिचित आहे. धर्मामुळे घर सोडावं लागलं नाही असे ज्यू आणि धर्मामुळेच देशोधडीला लागलेले ज्यू एकाच काळात महाराष्ट्रात होते. त्यांची गाठ पडते तेव्हा काय घडतं, हे लिहायला मराठीइतकी जवळची भाषा कुठली?

तेव्हा तरुण लेखकांना माझं सांगणं आहे: पुण्या-कोल्हापूरच्या पुरालेखागारांत बसा. वळीवड्याला जा, फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित वसले आणि गांधीनगर झालं, म्हणजे एकाच भूमीनं दोनदा बेघरांना जागा दिली. वळीवड्याच्या पोलिश मुलांबरोबर लहानपणी खेळलेली माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी यंदाच ध्वनिमुद्रित करा. साहित्यसंस्थांनी यासाठी अभ्यासवृत्ती द्याव्यात, प्रकाशकांनी घाई करू नये. घराला मुकलेली मुलं आजही सीमा ओलांडत आहेत. त्यांच्याकडे कसं पाहायचं हे आपल्या वाचकाला आपल्या भाषेतून, आपल्या मातीतल्या गोष्टीतून कळलं पाहिजे. ते काम आपलं आहे, आणि या संमेलनातून उठताना कोणीतरी ते अंगावर घेऊन उठावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.