वाकडी मान आणि दृष्टी
(प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



हातातील कागद स्थिर धरून मान डावी-उजवीकडे वेगाने हलवा. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून कागद तितक्याच वेगाने हलवा; अक्षरे पुसट होतात. हा प्रयोग वर्गात अवश्य करावा, त्यास पैचाही खर्च नाही.

असे का होते? प्रत्येक कानाच्या आत द्रवाने भरलेल्या ३ अर्धवर्तुळाकृती नलिका असतात. मान वळताच त्यांची वार्ता मेंदूच्या देठाकडे जाते आणि तेथील आज्ञेने डोळे तितकेच उलट दिशेस फिरतात. हे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास घडून जाते. कागद हलला तर मात्र तो हलल्याचे आधी डोळ्यांनी पाहावे लागते व तेथेच उशीर होतो. नागपंचमीस फुगडी घालून थांबलेल्या मुलींना अंगण फिरताना दिसते, तेही नलिकांतील द्रव लगेच थांबत नाही म्हणून.

प्रत्येक डोळा ६ स्नायू फिरवितात. त्यांपैकी एक दुबळा असला, तर एका अक्षराची दोन दिसू लागतात, एक वर, एक खाली. मग मूल नकळत मान एका खांद्याकडे कलविते, आणि दोन्ही प्रतिमा जुळतात. काही मुलांची बुबुळे सतत थरथरतात. विशिष्ट बाजूस पाहताना थरथर मंदावते, म्हणून ती तोंड तिरपे धरतात.

माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. ‘मान सरळ!’ म्हणून मी त्यास रोज दटावीत असे. तो बिचारा आज्ञाधारक. मान सरळ करी आणि ओळ चुके. ती चूक मी आळसाच्या खाती मांडली. नेत्रवैद्यांनी तपासल्यावर खरे कारण कळले, तेव्हा वर्ष सरले होते.

मानेच्या स्नायूंमुळेही मान कलते, हे खरे. परंतु एक डोळा झाकताच मान आपोआप सरळ झाली, तर दोष पुष्कळदा दृष्टीत असतो. अशा मुलाचे नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास आवर्जून कळवावे. मान अकस्मात कलू लागली, सोबत डोकेदुखी वा वांती असली, तर पथकाची वाट न पाहता पालकांस त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. इतरांस तपासणी होईपर्यंत, फळा जेथून नीट दिसतो तेथे, हवी तशी मान धरून बसू द्यावे.